पान कितीवर आलं?

माणसं भेटली की ‘कसं काय’ म्हणतात. अण्णा म्हणत, ‘पान कितीवर आलं?’

सकाळी प्रेसचं शटर अर्धं वर गेलेलं असे. ट्रेडल मशीन चालवणारा गणपत वाकून आत शिरत असे, आणि त्याची चप्पल निघायच्या आत कोपऱ्यातल्या टेबलावरून प्रश्न येई. गणपत मालवणचा. एकेक अक्षर जुळवत वाचणारा. शिकारीच्या गोष्टींचं एक पुस्तक त्याला दोन वर्षं पुरलं होतं.

“अठ्ठावन, अण्णानू.”

“काल सत्तावन्न होतं.”

“मगे? एक झाला ना!”

अण्णा मान डोलवत. एक पान म्हणजे एक पान. त्यांनी गणपतला कधी हसलेलं मी पाहिलं नाही. हसले ते मला, आणि तेही एकदाच.

घाटकोपरच्या त्या छापखान्यात अण्णा प्रूफं तपासत आणि मी त्यांना मजकूर वाचून दाखवत असे. काम असं की मूळ कागद माझ्या हातात, ताजं ओलं प्रूफ त्यांच्यापुढे. मी मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि त्यांनी पेन्सिलीचं टोक ओळीखालून सरकवत न्यायचं. लग्नपत्रिका असो की सहकारी सोसायटीचा अहवाल, मी सगळं एकाच सुरात वाचायचो: “आपले नम्र स्वल्पविराम नवी ओळ.” पहिल्या महिन्यात घरी आई काही विचारायची तर मी उत्तराच्या शेवटी ‘पूर्णविराम’ म्हणायचो.

आमच्या घरात पुस्तक नव्हतं. पत्रकं होती. वडील गिरणीत होते आणि युनियनचे जुने कार्यकर्ते. भांडुपच्या आमच्या खोलीत माळ्यावर पत्रकांचे गठ्ठे, फडताळात पत्रकं अंथरलेली, सुके बोंबील पत्रकातच गुंडाळलेले. शाळेत ‘कमळ’ वाचायच्या आधी मी ‘बंधूंनो’ वाचायला शिकलो. चार पानं, फार तर आठ. जग कसं आहे आणि कसं असायला हवं, हे दोन्ही तेवढ्यात मावतं अशी माझी खात्री होती. संपात वडिलांची गिरणी बंद पडली ती पडलीच. त्यानंतर मी प्रेसला लागलो तेव्हा एकविसाव्या वर्षी मी पत्रकं लिहीतही होतो, आणि आमच्या भागातल्या दोन संघटना मला बोलावून घेऊन लिहून घेत होत्या. मला त्याचा माज होता. असू दे. ज्याच्या बापाला मालकाने रस्त्यावर आणलंय त्याला थोडा माज शोभतो.

अण्णा डाव्या हाताने जेवत. डावखुरे नव्हते. डब्यात रोज पोळीभाजीची सुरळी, ती डाव्या हातात, आणि उजवा हात स्वच्छ, पुस्तकाच्या पानावर. प्रेसमध्ये याचं फार जणांना वाईट वाटे.

“अण्णानू, देव बघता हां,” गणपत म्हणे.

“त्याला सांग, उजवा कामात आहे.”

मात्र प्रेसमध्ये तपासलेलं एकही पुस्तक त्यांनी ‘वाचलं’ म्हणून धरलं नाही. “प्रूफ वाचताना मी अर्थ बाहेर चपलांजवळ ठेवतो,” ते म्हणत. “अर्थाकडे लक्ष गेलं की वेलांटी निसटते.” एखादी कादंबरी पुरी तीन वेळा तपासून झालेली असे, आणि छापून, बांधून आली की हे गृहस्थ ती वाचनालयातून पुन्हा आणत आणि पहिल्या पानापासून वाचत. मग वहीत लिहीत.

ती वही. कटिंग मशीनखाली कागदाच्या ज्या लांब, अरुंद पट्ट्या पडतात त्या गोळा करून अण्णा स्वतः टाचत. त्यामुळे वही दर वर्षी निराळी. एका वर्षी गुलाबी, एका वर्षी लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची, मिटता न येणारी. त्यांचं वर्ष दसऱ्याला सुरू होई आणि पुढच्या दसऱ्याला संपे. जानेवारी त्यांना मान्य नव्हता. एकेका ओळीत पुस्तकाचं नाव, कुठून आणलं, आणि पुरं झालं की नाही. पुरं न झालेलंही लिहायचंच. मी एकदा चोरून पाहिलं होतं: ‘पान एकसष्ट. माझा धीर संपला. पुस्तकाचा दोष नाही.’ त्याच्याच खाली: ‘पान नऊ. पुस्तकाचा दोष.’

आणि दसऱ्याला, मशीनची पूजा झाली, ट्रेडलच्या चाकाला झेंडूची माळ पडली, पेढे वाटले की अण्णा खुर्चीवरून उठत आणि त्या वर्षाची यादी सगळ्यांसमोर वाचून दाखवत. उभं राहून. टोपी घालून. वर्षभर टोपी नसे.

माझ्या पहिल्या दसऱ्याला मला वाटलं, लोक कंटाळतील. पण खिळे जुळवणारा कंपोझिटर, बाइंडिंगच्या दोन्ही बायका, मालक, सगळे पेढा हातात धरून ऐकत होते, आणि मधेच बोलतही होते.

“हे तर तुम्ही गेल्या साली पण वाचलेलं,” एक बाई म्हणाली.

“परत वाचलं.”

“मग दोनदा धरणार? ही चीटिंग झाली अण्णा!”

“गेल्या साली तू जो मेथीचा लाडू खाल्लास तो यंदा धरत नाहीस का?”

शेवटी त्यांनी आकडा सांगितला. एक्केचाळीस पुरी, सहा अपुरी. गणपतचा चेहरा पडला. “गेल्या वर्सापेक्षा तीन कमी. औंदा काय झाला, अण्णानू?”

“एप्रिलमध्ये डोळे आले होते रे.”

खरोखर काळजीने सगळ्यांनी ‘हो, हो, एप्रिल’ म्हटलं. मला ते सहन होईना. बाहेर हजारो घरांत चूल पेटत नव्हती आणि ही माणसं एका म्हाताऱ्याची पुस्तकं मोजत होती. मी म्हणालो, “अण्णा, पुस्तकं मोजून क्रांती होत नाही.”

“न मोजता कुठली झाली?” अण्णा म्हणाले, आणि माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली. दुसऱ्या दिवशी माझ्या स्टुलावर एक वही होती. फिक्या हिरव्या पट्ट्यांची.

मी ती आठवडाभरात भरून टाकली. आमच्या गटात ज्यांची नावं सारखी घेतली जात ती सगळी जाडजूड पुस्तकं मी ‘पुरं’ म्हणून लिहिली. अण्णांनी वही चाळली.

“हे आठशे पानांचं आहे. कधी वाचलंस?”

“वाचलं नाही, पण सार माहीत आहे. आमच्या पत्रकांत येतं.”

“सार भातावर घेतात,” अण्णा म्हणाले, आणि हसले. तेच ते एकदाचं हसणं. मग त्यांनी माझ्या सगळ्या नोंदी एका आडव्या रेघेने खोडल्या, अगदी प्रूफात खोडतात तशा. “आता लिही. खरं तेवढंच.” मी वही बॅगेत कोंबली आणि पुढे बरेच दिवस उघडली नाही.

त्यानंतरच्या वर्षी ते पुस्तक आलं. विक्रोळीच्या कामगार वसाहतीत राहणाऱ्या एका शाळामास्तराची कादंबरी. पहिलीच. आमच्या संघटनेच्या बैठकीत कुणीतरी एका चिठ्ठीवर त्यातलं एक वाक्य उतरवून आणलं, पान त्र्याहत्तरवरचं. वाक्य असं होतं की संप करणारा कामगार हा भरल्या ताटाला लाथ मारणारा कृतघ्न असतो.

मी ते वाक्य वाचलं आणि मला माझे वडील दिसले. दुपारच्या वेळी खोलीच्या दारात बसलेले, तळहात उलटेसुलटे करून बघणारे. मी एका बैठकीत चार पानी पत्रक लिहिलं. ‘श्रमिकांच्या पाठीत खंजीर’. वाचनालयांनी हे पुस्तक तत्काळ फेकून द्यावं, अशी मागणी केली. लेखकाचं नाव, गाव, वसाहत, सगळं घातलं. खाली सही संघटनेची, कारण पत्रकाला लेखक नसतो. आणि पत्रक छापायला अर्थात आमच्याच प्रेसमध्ये आलं.

तेव्हा माझंच पत्रक मी अण्णांना वाचून दाखवलं. त्या दिवशी मी एका सुरात वाचलं नाही. माझा आवाज चढला, उद्गारचिन्हं मी ठणकावून उच्चारली. आतून कंपोझिटर डोकावून गेला. अण्णांची पेन्सिल ओळीखालून सरकत राहिली. दोन ऱ्हस्वदीर्घ त्यांनी सुधारले, एक अनुस्वार दिला. शेवटच्या ओळीनंतर पेन्सिल खाली ठेवली.

“वाचलंस?”

“म्हणजे काय? आत्ता तुम्हालाच वाचून दाखवलं ना?”

“पत्रक नाही. पुस्तक.”

“ते वाक्य वाचलंय.”

“वाक्य कोण बोलतंय ते बघितलंस?”

“कोणी का बोलेना! लिहिलं तर त्यानेच ना?”

अण्णांनी टेबलाचा खण उघडला. आत ते पुस्तक होतं, मधे आपट्याचं वाळलेलं पान खुणेला. “मी एकशे चारवर आहे. माझं राहू दे. तू घेऊन जा. दोन दिवस लागतील. पत्रक परवा छापू.”

“आज संध्याकाळी सभा आहे, अण्णा.”

“सभा परवा घे.”

“तुम्हीच सांगा ना मग, काय आहे पुढे?”

“मी सांगणार नाही. मी सांगितलं तर तू माझं ऐकशील नाही तर मला शिव्या देशील. पुस्तक राहीलच.”

आमच्याकडे रीत अशी की शेवटच्या प्रूफावर अण्णांनी ‘छापा’ लिहून सही केल्याशिवाय मजकूर मशीनवर जायचा नाही. अण्णांनी सही केली नाही. मालक बाहेर आले. भला माणूस, भांडण झालं की हात चोळायचा.

“अण्णा, अहो आपण छापखानेवाले. आपलं काम शुद्धलेखन. आतला मजकूर ज्याचा त्याचा.”

“शुद्धलेखन तपासलंय. निर्दोष आहे.”

“मग करा ना सही. इतक्या वर्षांत असं कधी...”

“इतक्या वर्षांत मजकूर लिहिणारा माझ्या समोर कधी बसला नव्हता,” अण्णा म्हणाले.

मी म्हणालो, “ज्यांच्या घरी दोन वेळचं शिजतं ना, त्यांना सावकाश वाचायला जमतं.” गणपत म्हणाला, “गप रे, कोणाक बोलतस?” पण मी पेन्सिल उचलली, प्रूफावर ‘छापा’ लिहिलं आणि माझी सही ठोकली. मालकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि प्रूफ आत नेलं.

अण्णांनी त्या दिवशीचं उरलेलं सगळं काम पुरं केलं. दोन लग्नपत्रिका आणि एका शाळेची प्रश्नपत्रिका. मी वाचत होतो, ते तपासत होते. साडेपाचला त्यांनी पेन्सिली खिशात टाकल्या, डबा पिशवीत ठेवला आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. “येतील दोन दिवसांत,” मालक म्हणाले. महिन्याने कळलं की ते दहिसरला मुलीकडे राहायला गेले.

पत्रक मात्र गाजलं. भांडुप, मुलुंड, विक्रोळी, सगळीकडच्या कारखान्यांच्या गेटवर वाटलं गेलं. तीन वाचनालयांनी पुस्तक काढून टाकलं. त्या मास्तरांच्या दाराला कुणीतरी डांबर फासलं. मी फासलं नव्हतं. त्या वेळी मला हे वाक्य पुरेसं वाटत होतं.

त्या दसऱ्याला पूजा झाली, पेढे वाटले आणि मग कुणालाच काय करावं कळेना. माणसं पेढा खाऊन उभीच राहिली. कुणी जाईना. गणपत हळूच म्हणाला, “माजा पुस्तक संपला. सांगू कोणाक?” आणि शटरकडे बघत राहिला. मी त्या वेळी मान खाली घालून ट्रेडलवरची झेंडूची माळ नीट करत होतो. ती नीटच होती.

काही महिन्यांनी स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडे मला ते पुस्तक दिसलं. वाचनालयाचा शिक्का, त्यावर ‘रद्द’चा शिक्का. मी घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मी शंभर पानांच्या पुढे गेलो.

ते वाक्य एका फोरमनच्या तोंडी होतं. मालकाच्या चहाने मिंधा झालेला फोरमन. मग त्याचाच मुलगा संपात उतरतो. आणि पुढे एका ठिकाणी हा फोरमन घरून दोन डबे घेऊन निघतो, कारखान्याच्या गेटशी येतो, आणि आत जायचं की बाहेर बसलेल्या पोराजवळ थांबायचं हे न कळून पाळी सुरू होईपर्यंत उभा राहतो. त्या पोराचे हात लेखकाने वर्णन केले होते. काम नसलेले हात माणूस कसे उलटेसुलटे करून बघतो, ते. माझ्या घरात रोज माझ्यासमोर घडणारी गोष्ट मी कधी नीट पाहिली नव्हती, ती त्या माणसाने पाहिली होती. आणि मी त्याला खंजीर म्हटलं होतं.

मी पुढच्याच रविवारी दहिसरला गेलो. नदीच्या बाजूला एका चाळीत मुलीची खोली, अण्णा गॅलरीत बसलेले. काचबिंदू झाला होता. हातात भिंग, मांडीवर पुस्तक, नाक जवळजवळ पानाला टेकलेलं. माझा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली, पण नजर माझ्या खांद्याच्या बाजूने गेली.

“पान कितीवर आलं?”

“संपलं, अण्णा.”

कुठलं, हे त्यांनी विचारलं नाही. “बस,” म्हणाले. मग आम्ही दुपारभर बोललो. पत्रकाबद्दल चकार शब्द नाही. फोरमनने शेवटी आत जायला हवं होतं का, यावर मात्र जोरदार भांडलो. मुलीने दोनदा चहा आणला. त्यांच्यापुढे मी हातात मजकूर न धरता बसलो होतो आणि माझ्या बोलण्याला ते मान डोलवत होते. तसली दुपार मला पुन्हा मिळालेली नाही. हल्ली एखादं पुस्तक संपतं, मिटून मांडीवर ठेवतो, आणि मग ते कुणाला सांगायचं या विचाराने गॅलरीत येरझाऱ्या घालतो. मित्र पुष्कळ आहेत. ते मत विचारतात.

मी निघताना अण्णा म्हणाले, “विक्रोळीला गेलास का?”

“मला पूर्ण पत्ता माहीत नाही.”

“पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापलाय. तेवढं पान राहिलं वाटतं वाचायचं?”

“जातो.”

“जा. माझ्याकडे येऊन काय होणार? पुस्तक त्याचं आहे.”

मी गेलो नाही. हजार लोकांपुढे छाती काढून बोलणारा मी, एका मास्तराच्या दारात उभं राहायला घाबरलो. दहिसरला मात्र जात राहिलो. दर खेपेला अण्णा विचारत, “गेलास?” आणि दर खेपेला मी म्हणे, “पुढच्या रविवारी.” मी त्यांना वाचून दाखवतो म्हणालो, तर नको म्हणाले. “तू वाचशील ते तुझ्या वहीत जाईल. माझ्या वहीत कसं येणार?” शेवटच्या वर्षी त्यांच्या वहीत सात नावं होती, हरभऱ्याएवढ्या अक्षरांत. नंतर नंतर त्यांनी मला विचारणं सोडून दिलं. ते मला फार लागलं. पण सुटल्यासारखंही वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

चैत्रात अण्णा गेले. झोपेत. गणपतने प्रेसचं शटर दिवसभर अर्धंच ठेवलं.

दिवसकार्य झाल्यावर मी विक्रोळीला गेलो. दुपारची वेळ. दारावर नवा रंग होता, पण कडेला बिजागरीजवळ डांबराचा काळा ओघळ राहिला होता. दार मास्तरांनीच उघडलं. साधारण पन्नाशीचे, बनियनवर, बोटांना खडू.

मी म्हणालो, “ते पत्रक मी लिहिलं होतं. पुस्तक न वाचता.”

त्यांनी बोटांचा खडू बनियनला पुसला. मग बाजूला झाले. “आत या. उन्हात उभे राहू नका.”

पाणी दिलं. स्वतः समोर बसले. “तुम्ही त्या घाटकोपरच्या प्रेसमधले का?”

“हो.”

“मग बरोबर. पत्रक निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिथले एक गृहस्थ आले होते. दाराला डांबर ओलं होतं, सदऱ्याला लागलं त्यांच्या. म्हणाले, मी तुमचं पुस्तक वाचलंय, बसू का? चार तास बसले. एकोणीस मुद्रणदोष काढून दिले.” मास्तर हसले. “त्या दिवशी मी लिहिणं सोडणार होतो. मी त्यांना विचारलं, पत्रक कोणी लिहिलं हो? तर म्हणाले, चांगला वाचणारा आहे, अजून सुरुवात केलेली नाही. नाव काही सांगितलं नाही.”

मी पेल्यातलं पाणी संपवलं.

“दुसरी लिहून झाली माझी,” मास्तर म्हणाले. टेबलावर फुलस्केप कागदांचा गठ्ठा होता, सुतळीने बांधलेला. “त्यांना कबूल केलंय, छापायच्या आधी त्यांनी वाचायची. डोळ्यांचं काहीतरी करून येतो म्हणाले होते. त्यांना यायला जमत नसेल तर मीच घेऊन जाईन. पत्ता आहे ना तुमच्याकडे?”

त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि एक कोरा कागद पुढे ओढून माझ्याकडे पाहिलं.

एका बैठकीत चार पानं लिहिणारा मी, ते एक वाक्य जुळवत बसलो.